कडांवरची झीज: जुन्या डिजिटल ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीविषयी

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात ज्यांना सरसकट ‘इफेक्ट्स’ म्हटले जाते, ती यंत्रे मूळ आवाजात नसलेले काहीतरी त्यात मिसळतात: प्रतिध्वनी, मोठ्या दालनाचा घुमारा, स्वराची बदललेली उंची, किंवा एकाच गळ्याचे दोन-चार गळे झाल्याचा भास. १९७० पूर्वी ही कामे चुंबकीय फीत, चौकटीत ताणून बसवलेला पोलादी पत्रा, नाहीतर स्टुडिओतील एखादी मुद्दाम रिकामी ठेवलेली खोली यांच्याकडून करून घेतली जात, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती एकेक करून आकडेमोडीकडे गेली. आवाज एकदा आकड्यांत उतरला की तो झिजत नाही, आणि म्हणून अशी यंत्रे एकतर पूर्ण चालतात किंवा पूर्ण बंद पडतात, असा समज या बदलाबरोबर रूढ झाला. दुरुस्तीच्या टेबलावर या समजाला फारसा आधार सापडत नाही. चाळीस वर्षांचे डिजिटल यंत्र हळूहळू, तुकड्यातुकड्याने आणि बहुतेक वेळा आवाज करत बिघडते. मात्र ही झीज गणिताच्या मधल्या भागात क्वचित होते, ती होते गणिताच्या कडांवर, म्हणजे वीज जिथून आत येते, आवाजाचा जिथे आकडा होतो व आकड्याचा पुन्हा आवाज होतो, चिप जिथे सॉकेटला टेकते आणि आठवण जिथे एका छोट्या बॅटरीवर तगून असते, अशा ठिकाणी. गुरुग्राममध्ये हे काम करताना प्रस्तुत लेखकाला जे दिसत आले आहे ते बहुतांशी या कडांविषयी आहे.

यंत्रांची वंशावळ थोडक्यात सांगावी लागेल. अमेरिकेत एमआयटीशी संबंधित फ्रान्सिस ली आणि बॅरी ब्लेसर यांच्या प्रयत्नांतून १९७१ मध्ये लेक्सिकॉनचे ‘डेल्टा टी १०१’ आले. ते आवाज काही मिलिसेकंद उशिरा बाहेर सोडण्यापलीकडे काहीही करत नसे. १९७५ मध्ये इव्हेंटाइडच्या ‘एच ९१०’ने स्वराची उंची बदलण्याची सोय दिली, १९७६ मध्ये ब्लेसर यांच्याच आराखड्यावरून जर्मनीच्या ईएमटी कंपनीने ‘ईएमटी २५०’ हे घुमारा निर्माण करणारे पहिले व्यापारी डिजिटल यंत्र बनवले, आणि १९७८ मध्ये डेव्हिड ग्रीसिंगर यांचे ‘लेक्सिकॉन २२४’ आले. ही सर्व श्रीमंत स्टुडिओंची यंत्रे होती. सामान्य वाद्यवृंदाच्या आणि छोट्या स्टुडिओच्या आवाक्यात ही करामत आली ती १९८० च्या दशकाच्या मध्यावर, विशेषतः यामाहाच्या ‘एसपीएक्स ९०’मुळे, आणि दुरुस्तीला येणारी बहुतेक यंत्रे या दुसऱ्या पिढीतली असतात.

भारतात ती नेमक्या कोणत्या वाटांनी आली याचा सलग इतिहास लिहिला गेलेला नाही, पण दोन वाटा स्पष्ट आहेत. एक मुंबईच्या चित्रपटसृष्टीची, जिथे राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांच्यासारख्यांनी ध्वनिमिश्रणाची कला आकड्यांचा संबंध येण्याच्या कितीतरी आधी परिपक्व केली होती आणि त्यामुळे नवे यंत्र आले तेव्हा त्याच्याकडून काय मागायचे हे ठाऊक असलेले कान तयार होते. दुसरी वाट कॅसेटची. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेट उद्योगाचा जो अभ्यास मांडला आहे, त्या उद्योगाचे एक केंद्र दिल्लीच्या परिसरात होते. गुलशन कुमार यांची टी-सिरीज नॉयडात वाढली आणि भजने, लोकगीते, गझला मुद्रित करणारे लहानमोठे स्टुडिओ तिच्या आगेमागे उभे राहिले. भक्तिगीताच्या आवाजाला देवळाच्या गाभाऱ्यातला घुमारा हवा आणि स्टुडिओ मात्र गाद्या लावलेल्या दहा-बारा फुटी खोलीत, ही अडचण या यंत्रांनी सोडवली. आज तेच काम संगणकावरील प्रणाली करते, तीही बहुधा याच यंत्रांची नक्कल म्हणून विकली जाते, आणि मूळ यंत्रे अडगळीतून निघून गुरुग्रामच्या उंच इमारतींत घरगुती स्टुडिओ थाटलेल्या तरुण संगीतकारांकडे पोचतात. त्यातली काही जपानहून किंवा अमेरिकेहून जुनी म्हणून विकत आणलेली असतात आणि इथल्या भिंतीतल्या २३० व्होल्टशी त्यांची पहिली गाठ पडते.

म्हणून पहिली कड विजेची. जपानी यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकी १२० व्होल्टचे, आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरे न वाचता प्लग बदलून जोडणी केली गेली की फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कोणी तार घातलेली असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की प्रश्न संपला असे समजले जाते, परंतु त्यात आणखी एक मेख आहे. जपानच्या पूर्वेकडे वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झची असल्यामुळे जपानी बाजारासाठीचे यंत्र दोन्ही वारंवारता सोसेल अशा बेताने बनवलेले असते. केवळ अमेरिकेसाठी बनवलेल्या काही यंत्रांत ही खबरदारी नसते, आणि ६० हर्ट्झसाठी कसून बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्याच्या गाभ्यातील चुंबकीय भार सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, तो तापतो, गुणगुणतो आणि ती गुणगुण आवाजात शिरते. बरीच वर्षे बंद राहिलेले यंत्र टेबलावर आले की ते थेट सुरू करायचे नसते. आधी झाकण उघडून पाहणी, मग सिरीज लॅम्प, म्हणजे यंत्राच्या मार्गात जोडलेला साधा दिवा, जो आत शॉर्ट असेल तर स्वतः पेटून यंत्र वाचवतो. आणि मग डिमरस्टॅटने, म्हणजे हवा तेवढाच व्होल्टेज देणाऱ्या फिरत्या मुठीच्या ट्रान्सफॉर्मरने, दाब हळूहळू चढवत नेणे, हा क्रम या धंद्यातल्या कोणत्याही जुन्या माणसाला पाठ असतो.

या पाहणीत सर्वप्रथम नजर जाते ती वीजप्रवेशाशी बसवलेल्या, धातूचा मुलामा दिलेल्या कागदाच्या फिल्टर कपॅसिटरकडे. त्याचे पारदर्शक आवरण काळानुसार तडकते, तड्यांतून ओलावा शिरतो, आणि एके दिवशी यंत्र व्यवस्थित चालू असतानाच तिखट धूर निघतो. पुष्कळदा यानंतरही यंत्र चालत राहते, ही गोष्ट मालकाला घाबरवते आणि दुरुस्तीकाराला दिलासा देते. त्याच्या पुढे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्यांच्यातील द्रव उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी कमी राहिले तर त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते असा ठोकताळा आहे, आणि रॅकमध्ये खाली-वर दाटीने बसवलेल्या, पंखा नसलेल्या यंत्रांना गुरुग्रामच्या मे-जूनमध्ये या ठोकताळ्याची उलटी बाजू भोगावी लागते. पाच व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे कमी-जास्त येणारा दाब पाच व्होल्टवर बांधून ठेवणारा भाग, उष्णतेमुळे स्वतःच्या पायांशीच ड्राय सोल्डर निर्माण करतो. सांधा वरून धड दिसतो, आत मात्र गोलाकार भेग गेलेली असते.

शहराचा स्वतःचा वाटा यात मोठा आहे. इथल्या वसाहतींत वीज गेली की काही सेकंदांत डिझेल जनरेटर चालू होतो आणि थोड्या वेळाने पुरवठा पुन्हा तारेवर येतो. हिवाळ्यात हवा बिघडली की राजधानी परिसरासाठीच्या टप्प्याटप्प्याच्या प्रतिबंध-योजनेखाली जनरेटरवर निर्बंध येतात आणि इन्व्हर्टरचा आधार घेतला जातो, ज्यातील स्वस्त प्रकारांची वीज गोलाईदार नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. दिव्याला आणि पंख्याला याने फारसे बिघडत नाही. पण यंत्रातील प्रोसेसरला सुरू होण्याच्या क्षणी एक स्वच्छ ‘रिसेट’ लागतो, दाब पुरेसा चढेपर्यंत थांबून मग पहिल्या आज्ञेपासून सुरुवात करायला सांगणारा; दाब अर्धवट पडून पुन्हा चढला तर जुन्या आराखड्यातील साधे रिसेट-मंडळ फसते, प्रोसेसर भरकटतो आणि बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत वाटेल ते लिहून ठेवतो. मालक सांगतो की यंत्राचे डोके फिरले. टेबलावर मात्र सर्व भाग निर्दोष निघतात, आणि स्मृती पुसून कारखान्याची मूळ मूल्ये परत भरली की यंत्र शहाण्यासारखे वागते. यावर खरा उपाय यंत्राच्या बाहेरचा आहे, चांगल्या यूपीएसचा, परंतु यंत्राच्या बाहेर केलेल्या कामाचे पैसे मागणे अवघड जाते.

दुसरी कड धुळीची. अरवलीच्या पायथ्याचे शहर, राजस्थानकडून येणारी उन्हाळी वावटळ आणि वर्षानुवर्षे न थांबलेले बांधकाम यांमुळे यंत्राच्या पोटात जी बारीक भुकटी बसते ती कोरडी असेपर्यंत निरुपद्रवी असते. जुलैत हवेत दमटपणा आला की ती ओलावा धरते आणि जिथून वीज वाहू नये अशा दोन बिंदूंमध्ये अत्यंत क्षीण वाट तयार करते. आकड्यांच्या भागाला एवढ्याने काही होत नाही, कारण तिथे फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढाच भेद असतो. पण आकडा होण्यापूर्वी आवाजाचा नमुना क्षणभर एका छोट्या कपॅसिटरवर धरून ठेवला जातो, आणि त्या वाटेने तो क्षणातल्या क्षणात गळू लागला की आवाज खरखरीत होतो. असे यंत्र पावसाळ्यात बिघडते आणि दिवाळीनंतर आपोआप बरे होते. अनुभवी दुरुस्तीकार अशा वेळी कोणताही भाग न बदलता पट्टी, म्हणजे सर्व भाग जिच्यावर बसवलेले असतात तो सर्किट बोर्ड, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, ब्रशने घासून, पूर्ण वाळवून पाहतो. चिप सॉकेटमधून उचलून पुन्हा बसवल्यानेही, पायांवरचा काळपट थर खरवडला जाऊन, संपर्क सुधारतो. दुरुस्तीतील किती टक्के काम म्हणजे निव्वळ स्वच्छता आहे हे ग्राहकाला सांगण्याची प्रथा या धंद्यात नाही.

गणिताच्या आतल्या भागात होणारा मुख्य बिघाड स्मृतीचा, आणि या कामातला सर्वांत रंजक भाग तोच. विलंब म्हणजे आवाज साठवून उशिरा परत देणे, आणि घुमारा म्हणजे वेगवेगळ्या विलंबांचे एकमेकांत गुंतवलेले जाळे. दोन्हींसाठी स्मृती लागते. त्या काळी ती बहुधा डायनॅमिक रॅम प्रकारची असे, ज्यात प्रत्येक अंक एका सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात राहतो आणि तो भार सतत गळत असल्यामुळे, गळक्या मडक्यात पाणी घालत राहावे तसा, दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. ‘४१६४’ नावाची त्या काळातील चिप घेतली तर तिच्यात ६५,५३६ जागा असतात आणि प्रत्येक जागेत एकच अंक मावतो, शून्य किंवा एक. सोळा अंकी नमुना साठवायचा असेल तर अशा सोळा चिप शेजारीशेजारी लागतात आणि प्रत्येक चिप नमुन्यातील एकेक स्थान सांभाळते. यातून दुरुस्तीकाराच्या कानाला एक विलक्षण सोय मिळते. सर्वांत वरच्या स्थानाची चिप बिघडली तर आवाज पूर्ण पल्ल्याच्या निम्म्याने उसळतो आणि फटाका फुटल्यासारखा कडकडाट होतो. सर्वांत खालच्या स्थानाची बिघडली तर चूक पूर्ण पल्ल्याच्या ६५,५३६व्या भागाइतकी, म्हणजे ऐकूही न येणारी. आणि मधल्या स्थानांच्या बिघाडाला जाडजूड ते वाळूसारखी अशा क्रमाने उतरत जाणारी खरखर असते. कोणत्या उंचीची खरखर आहे यावरून संशयित चिपांची संख्या सोळावरून तीन-चारवर येते.

त्याहून सूक्ष्म खूण काळाची. चिपमधली एकच जागा मेली असेल तर स्मृतीचा फेरा तिथे पोचेल तेव्हाच खट्ट होईल. ‘एसपीएक्स ९०’ सेकंदाला ३१,२५० नमुने घेते. या वेगाने वरच्या उदाहरणातली ६५,५३६ जागांची स्मृती गोल फिरवली तर एका फेऱ्याला सुमारे २.१ सेकंद लागतील, आणि तेवढ्याच अंतराने तीच ‘खट्ट’ पुनःपुन्हा येईल. नियमित अंतराची टिकटिक असेल तर एक जागा, अखंड कडकडाट असेल तर अख्खी चिप किंवा तिच्याकडे जाणारी वाट, आणि आवाजाचे तुकडे चुकीच्या क्रमाने उमटत असतील तर जागेचा पत्ता सांगणाऱ्या तारांपैकी एखादी तुटलेली, इतके निदान ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण, लावण्याआधी होऊ शकते. अट एवढीच की घुमाऱ्याचा पुनरावर्ती भाग आधी शून्यावर आणला पाहिजे, नाहीतर ती एक टिकटिक स्वतःच्याच प्रतिध्वनींत विरघळून पावसासारखी ऐकू येते आणि काहीच कळत नाही. तपासणीसाठी बाहेरच्या पुस्तकांत विशिष्ट कंपनांचे यांत्रिक सूर सुचवलेले असतात. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात तबल्याचा कोरडा ‘ना’ आणि हार्मोनियमवर काळी एकमध्ये धरून ठेवलेला षड्ज ही जोडी अधिक लवकर दोष दाखवते, कारण पहिल्याला सुरुवात तीक्ष्ण असते आणि दुसऱ्याला हलण्याची कुठेच मुभा नसते.

स्मृतीचा दुसरा प्रकार ईप्रॉम, म्हणजे माथ्यावर काचेची खिडकी असलेली चिप, जिच्यात यंत्राचा कार्यक्रम साठवलेला असतो आणि जी अतिनील किरणांनी पुसली जाते. खिडकीवरची चिकटपट्टी गळून पडली असेल तर थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत मजकूर पुसला जाऊ शकतो, असे उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांतच नमूद असते. दालनाचा तो विशिष्ट घुमारा हा लाकडाचा वा पत्र्याचा गुण नसून या चिपमधील काही हजार आकड्यांचा आहे, म्हणून यंत्र टेबलावर आल्यावर, बिघाड काहीही असो, ईप्रॉमची प्रत काढून ठेवणे हे या धंद्यातील पहिले कर्तव्य मानायला हवे; प्रत्यक्षात ते फार थोडे लोक करतात. बॅटरीचे काम तुलनेने सोपे: तीन व्होल्टची लिथियम बॅटरी झाळून काढायची आणि तिच्या जागी होल्डर बसवायचा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगची गरज पडू नये. बॅटरी काढण्यापूर्वी मालकाने वर्षानुवर्षे जुळवलेल्या रचना मिडीच्या, म्हणजे वाद्ये आणि संगणक जोडणाऱ्या, तारेतून संगणकावर उतरवून घेतल्या नाहीत तर मात्र त्या कायमच्या जातात. एखाद्या भजनगायकाच्या आवाजासाठी कोणीतरी बसवलेली ती मूल्ये दुसरीकडे कुठेही लिहिलेली नसतात.

सुट्या भागांच्या बाबतीत गुरुग्रामची परिस्थिती काहीशी गमतीची आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत वाढलेल्या मराठी दुरुस्तीकाराला इथे तसा बाजार शोधूनही सापडत नाही. त्यासाठी लाल किल्ल्यासमोरचे लाजपतराय मार्केट किंवा नेहरू प्लेस गाठावे लागते. मारुतीची पहिली गाडी इथल्या कारखान्यातून डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली, पण काचेच्या मनोऱ्यांचे आजचे शहर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उभे राहिले, त्यामुळे टेबलावरची यंत्रे भोवतालच्या बहुतेक इमारतींपेक्षा वयाने मोठी असतात. इथल्या कार्यालयांतून इलेक्ट्रॉनिक कचरा अमाप निघतो, तरी तो दुरुस्तीकाराच्या उपयोगाचा नाही, कारण तो पुरेसा जुना नाही. ‘४१६४’सारख्या चिप मिळतात त्या दिल्लीत सीलमपूरच्या बाजूला फोडल्या जाणाऱ्या भंगारातील पहिल्या पिढीच्या वैयक्तिक संगणकांच्या पट्ट्यांवर, आणि त्याही आता दुर्मीळ होत आहेत. नवीन म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या क्रमांकाच्या चिपांमध्ये घासून पुन्हा छापलेल्या चिपही सापडतात, म्हणून प्रत्येक चिप लावण्याआधी स्वतंत्र तपासावी लागते. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काबाबत जुलै २०२२ मध्ये समिती नेमली तेव्हा तिच्यासमोर शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे होती. स्टुडिओतील जुनी यंत्रे त्यांत नव्हती, आणि असती तरी ज्या भागांचे उत्पादनच तीन दशकांपूर्वी थांबले त्यांचा हक्क कोणाकडे मागायचा हा प्रश्न उरलाच असता.

सर्वांत नाजूक कड आवाज आणि आकडा यांच्या मधली, आणि तिथे दुरुस्तीकाराच्या विवेकाची खरी परीक्षा होते. ‘एसपीएक्स ९०’ १२ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही बाहेर देत नाही. ‘लेक्सिकॉन २२४’ तर सुमारे ८ किलोहर्ट्झवरच थांबते. आजच्या मोजमापाने हे दोष आहेत, आणि आधुनिक भाग घालून, फिल्टर बदलून, यंत्र ‘सुधारून’ देण्याची मागणी वारंवार येते. ती मान्य करू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या काळच्या आराखडाकारांनी घुमाऱ्याची मूल्ये ऐकून ठरवली ती याच बंद खिडकीतून. वरचे कंप नसल्यामुळेच तो घुमारा गायकाच्या आवाजामागे राहतो आणि शब्दांवर चढत नाही. मात्र मर्यादा आणि बिघाड यांतला फरक ओळखता आला पाहिजे. घुमारा विरत जाताना, अगदी शेवटच्या क्षीण टोकाला, खरखर ऐकू येत असेल तर तो त्या काळाचा गोडवा समजण्याचे कारण नाही: आकड्याचा आवाज करणाऱ्या चिपमध्ये शून्यापाशी सर्वांत वरचा अंक बदलतो, त्याचे वजन किंचित ढळले की चूक नेमकी मंद आवाजातच उघडी पडते, आणि अनेक पट्ट्यांवर ते वजन जुळवण्यासाठी एक छोटा प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवायचा रोध, दिलेला असतो. तो ऑसिलोस्कोपवर पाहत पाव वळसा फिरवणे ही दुरुस्ती. ती चिप काढून नव्या जमान्याची बसवणे हे दुसरेच यंत्र बनवणे.

हा विवेक जिथे चालत नाही अशी एकच जागा राहते: कंपनीने केवळ स्वतःसाठी बनवून घेतलेली गणिती चिप. तिचा क्रमांक कोणत्याही दुकानदाराच्या यादीत नसतो, आतली रचना प्रसिद्ध झालेली नसते, आणि ती गेली तर तशीच दुसरी चिप फक्त तशाच दुसऱ्या यंत्रात मिळते. म्हणजे एक यंत्र चालवण्यासाठी दुसरे मोडावे लागते, आणि कोणते मोडायचे हे ठरवावे लागते. ग्राहक बहुधा बाहेरून देखणे यंत्र ठेवायला सांगतो. पण पत्रा रंगवता येतो आणि कळा दुसऱ्या पॅनेलवरून काढता येतात, म्हणून ज्याची पट्टी कमी वेळा तापवली गेली आहे, तांब्याच्या वाटा शाबूत आहेत आणि वीजपुरवठ्याचा भाग मूळचा आहे ते यंत्र राखावे. आणि मोडायच्या यंत्राच्या ईप्रॉममध्ये कार्यक्रमाची वेगळी आवृत्ती निघाली, तर मोडण्याआधी तिची प्रत काढावी व मालकाला दोन्ही आवृत्त्या ऐकवून कोणती बसवायची ते त्यालाच ठरवू द्यावे.